फोनो प्रीअँप बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात टर्नटेबल आहे असं कळलं की दोन प्रकारचे फोन येतात. पहिला: "आजोबांच्या रेकॉर्डी माळ्यावर सापडल्यात, किती येतील?" दुसरा: "प्रीअँप कुठला घेऊ?" पहिल्या प्रश्नाने बहुतेकांची निराशा होते, म्हणून तो सोडून देतो. दुसऱ्याची उत्तरं गेली काही वर्षं तीच तीच देत आलोय, ती इथे एकत्र लिहिली आहेत. माझा कल आधीच सांगतो: प्रीअँप आपल्या कार्ट्रिजशी (पिन जिच्यात बसते ती डबी) जुळणारा हवा. तो महाग आहे की स्वस्त, हा त्यानंतरचा मुद्दा.

फोनो प्रीअँप नेमकं करतो काय?

दोन कामं करतो, आणि लोकांना त्यातलं एकच माहीत असतं.

पहिलं काम आवाज वाढवण्याचं. कार्ट्रिजमधून येणारा सिग्नल अगदी नाजूक असतो. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (पिनेबरोबर आत चुंबक हलतं तो प्रकार) साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं. सीडी प्लेअर पूर्ण आवाजात २ व्होल्ट देतो. अँप्लिफायरला हवा तसा सिग्नल मिळायचा तर कार्ट्रिजचा सिग्नल शंभरेक पट मोठा करावा लागतो.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. रेकॉर्ड कापतानाच आवाज मुद्दाम वाकडा केलेला असतो. खर्जाचे सूर जसेच्या तसे कापले तर खाच इतकी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेत घुसेल, आणि एका बाजूला वीस मिनिटं बसणार नाहीत. म्हणून खालचे सूर दाबून कापतात. वरचे सूर उलट चढवून कापतात, म्हणजे वाजवताना ते परत खाली आणले की त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही खाली जाते. हे किती दाबायचं आणि किती चढवायचं याचं ठरलेलं माप म्हणजे आरआयएए वक्र. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने तो १९५४ मध्ये ठरवला आणि हळूहळू जगाने स्वीकारला. प्रीअँप त्याच वक्राची उलटी बाजू लावतो: २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ, २० हजार हर्ट्झला जवळजवळ तेवढीच घट. वीस डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये दहा पट. हे माप एखाद्या डेसिबलने जरी चुकलं तरी तंबोऱ्याचा खर्ज पोकळ वाटतो किंवा डग्गा नको तितका घुमतो.

माझ्याकडे प्रीअँप आधीच आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

टर्नटेबलच्या मागे पाहा. "फोनो/लाइन" असं बटण असेल तर आत प्रीअँप आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्स आणि एलपी१२०एक्समध्ये तो असतो. जुन्या टेक्निक्स एसएल-१२०० मध्ये नसतो. अँप्लिफायरच्या मागे "फोनो" लिहिलेली जोडी आणि शेजारी जमिनीच्या तारेचा (अर्थिंगचा) स्क्रू असेल, तर प्रीअँप तिथे आहे.

जोडणी चुकली की कानाला लगेच कळतं. मध्ये प्रीअँपच नसेल तर आवाज बारीक, पत्र्यासारखा येतो, खर्ज गायब. दोन प्रीअँप एकामागे एक लागले असतील तर आवाज फाटका आणि चढा, खालून नुसती घुरघुर. "नवा टर्नटेबल खराब निघाला" म्हणून आलेल्या फोनपैकी निम्म्यांत हीच भानगड असते.

आणखी एक. जुन्या सूटकेस प्लेअरमध्ये आणि रेडिओग्राममध्ये क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. त्याचा सिग्नल मिलिव्होल्टमध्ये नसतो, कित्येक पट मोठा असतो, आणि त्याला वेगळ्या फोनो प्रीअँपची गरजच नसते. तिथे प्रीअँप लावलात तर फक्त आवाज फाटेल.

मला प्रीअँप बदलायची खरंच गरज आहे का?

बहुतेक वेळा आधी पिन बदलायची गरज असते.

ऑडिओ-टेक्निका स्वतःच्या पिनांचं आयुष्य सांगते: शंक्वाकृती टोक सुमारे ५०० तास, लंबवर्तुळाकार ३०० तास, मायक्रोलिनिअर १००० तास. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकलीत, म्हणजे साधारण पाऊण तास, तर लंबवर्तुळाकार पिन तेराएक महिन्यांत संपते. आणि आपल्याकडे "पिन अजून चालतेय की" म्हणून दहा-दहा वर्षं तीच वापरणारे सज्जन आहेत. झिजलेली पिन रेकॉर्डच्या आतल्या भागात, लेबलाच्या जवळ, "स" आणि "श" फाडायला लागते. असं होत असेल तर जगातला कुठलाही प्रीअँप ते दुरुस्त करणार नाही.

मी स्वतः हे पैसे देऊन शिकलो. एका दुकानात बसून ऐकलं, भारावलो, घरच्या प्रीअँपच्या चौपट किमतीचा डबा घेऊन आलो. घरी लावला. तराण्यातली फाटणारी वरची जागा तशीच फाटली, फक्त आता अधिक स्पष्ट फाटत होती. दोन महिन्यांनी पिन बदलली आणि जुन्याच प्रीअँपवर ती जागा स्वच्छ आली.

तेव्हा क्रम असा ठेवा: रेकॉर्ड धुवा, पिन तपासा, कार्ट्रिजची बैठक आणि पिनेचं रेकॉर्डवर पडणारं वजन कागदी प्रोट्रॅक्टर आणि छोट्या डिजिटल काट्याने नीट करा. कार्ट्रिजला वरची पिन बसत असेल तर ती बसवा. उदाहरणार्थ, ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई असेल तर त्याच अंगात व्हीएम९५एमएलची पिन सरकवून बसते. एवढं झाल्यावर प्रीअँप बदलायची खरी कारणं उरतात ती अशी: गाणं नसतानाही सूं-सूं ऐकू येणं, न हटणारी भुणभुण, कार्ट्रिजशी न जुळणारा गेन (सिग्नल किती वाढतो ते माप) किंवा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता), मूव्हिंग कॉइलकडे (चुंबकाऐवजी तारेचं वेटोळं हलतं तो कार्ट्रिजचा प्रकार) जायची इच्छा, किंवा टर्नटेबलच्या पोटातला दोन चिपांचा डबा, ज्याची कुणाला खात्री नाही.

गेन किती असावा?

मूव्हिंग मॅग्नेटला ३५ ते ४५ डेसिबल. ४० डेसिबल म्हणजे १०० पट: ४ मिलिव्होल्टचे ०.४ व्होल्ट होतात. सीडीपेक्षा आवाज थोडा कमी येईल, व्हॉल्यूमचा खटका एक-दोन घरं वर न्यावा लागेल. ते नॉर्मल आहे. "नवा प्रीअँप जास्त दमदार आहे" असं बऱ्याच जणांना वाटतं ते फक्त त्याचा गेन जास्त असल्यामुळे.

कपॅसिटन्स वगैरे भानगड सामान्य माणसाने बघायची का?

मूव्हिंग मॅग्नेट वापरत असाल तर हो, आणि माझ्या मते गेनपेक्षा आधी बघायची. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी चर्चा याचीच होते.

कार्ट्रिजच्या आत तारेचं वेटोळं आहे. त्या वेटोळ्याचा इंडक्टन्स आणि त्यापुढे लागलेली सगळी कपॅसिटन्स मिळून वरच्या सुरांत एक उंचवटा तयार करतात. "सगळी" म्हणजे टोनआर्मच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीच्या) आतली तार, टर्नटेबलपासून प्रीअँपपर्यंतची केबल आणि प्रीअँपच्या तोंडाशी असलेली कपॅसिटन्स, या तिन्हींची बेरीज. कपॅसिटन्स वाढली की उंचवटा खाली सरकतो.

आकड्यांत पाहू. व्हीएम९५ मालिकेच्या वेटोळ्याचा इंडक्टन्स सुमारे ५५० मिलिहेन्री आहे. बेरीज १५० पिकोफॅरॅड असेल तर उंचवटा साडेसतरा हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला ऐकूच येत नाही. २५० झाली की साडेतेरा हजार. ४५० झाली की दहा हजार. दहा हजारांवर टाळ आहेत, झांज आहे, गायकाच्या तोंडातला "स" आहे. तिथे उंचवटा आला की गाणं टोचायला लागतं, आणि त्याच्या वर सगळं एकदम कोसळतं. लोक म्हणतात, "ऑडिओ-टेक्निका जरा कर्कशच." बऱ्याचदा कर्कश कार्ट्रिज नसतं, लांबलचक केबल असते.

या कार्ट्रिजसाठी कंपनी १०० ते २०० पिकोफॅरॅड सांगते. ऑर्टोफॉन टू-एम रेडला १५० ते ३०० चालते. साध्या केबलची कपॅसिटन्स मीटरमागे ५० ते १५० असते, टोनआर्मची वेगळी. म्हणजे प्रीअँपने तोंडाशीच २२० लावली असेल तर ऑडिओ-टेक्निकासाठी गणित सुरुवातीलाच फिसकटलं. प्रीअँप घेताना माहितीपत्रकात "इनपुट कपॅसिटन्स" शोधा. ५० ते १०० च्या आसपास असेल तर उत्तम, कारण वाढवणं सोपं असतं, कमी करता येत नाही. बटणाने बदलता येत असेल तर त्याहून उत्तम. माहितीपत्रकात आकडाच नसेल तर मी तो प्रीअँप घेत नाही.

रेझिस्टन्सची काळजी करू नका. मूव्हिंग मॅग्नेटसाठी तो ४७ किलोओम असा ठरलेला आहे, सगळे तोच देतात.

माझ्या प्रीअँपमध्ये ओरखड्याचा "टक्" फार मोठा का येतो?

कारण तिथे प्रीअँप डोक्यावरून पाणी गेल्यासारखा गुदमरतो. ओरखड्यावरून पिन उडी मारते तेव्हा क्षणभर मोठा सिग्नल येतो. प्रीअँपला तो झेपला तर "टिक्" येऊन संपतो. नाही झेपला तर चिप सावरायला वेळ घेते आणि "टप्प" असा जाड आवाज येतो.

गाण्यातही हे होतं. टू-एम रेड प्रमाण पातळीला ५.५ मिलिव्होल्ट देतं. जोरात कापलेल्या रेकॉर्डवर ते सहज चौपट, म्हणजे २२ मिलिव्होल्ट होतं. प्रीअँपचा गेन ४८ डेसिबल असेल तर त्याने साडेपाच व्होल्ट बाहेर द्यायला हवेत. ९ व्होल्टच्या साध्या अडॅप्टरवर चालणाऱ्या डब्याला ते जमत नाही. माहितीपत्रकात "ओव्हरलोड मार्जिन" किंवा "कमाल इनपुट" म्हणून १ किलोहर्ट्झला किती मिलिव्होल्ट दिलेत ते पाहा. ५० च्या वर हवेत. १०० असले तर डोळे मिटून घ्या.

मूव्हिंग कॉइल घ्यावं का? त्यासाठी प्रीअँप वेगळा लागतो का?

लागतो. मूव्हिंग कॉइलचा सिग्नल मूव्हिंग मॅग्नेटच्या दहाव्या हिश्शाइतका असतो. डेनॉन डीएल-१०३ घ्या. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेसाठी साठच्या दशकात तयार झालेलं हे कार्ट्रिज आजही मिळतं. ते ०.३ मिलिव्होल्ट देतं. त्याला ६० डेसिबल, म्हणजे हजार पट वाढ लागते, आणि हजार पट वाढवताना प्रीअँपची स्वतःची सूं-सूंही वर येते. म्हणून मूव्हिंग कॉइलचा चांगला प्रीअँप स्वस्त नसतो.

दुसरी वाट स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरची: १:१० चा ट्रान्सफॉर्मर मध्ये लावायचा आणि आधीचाच मूव्हिंग मॅग्नेट प्रीअँप वापरायचा. ४७ किलोओमचा भार तेव्हा कार्ट्रिजला ४७० ओम दिसतो. चालतं. फक्त ट्रान्सफॉर्मर भुणभुण ओढून घेतो, त्याची जागा शोधताना एक रविवार जातो.

पिन झिजली की मूव्हिंग कॉइलमध्ये बहुधा अख्खं कार्ट्रिजच बदलावं लागतं. रोज ऐकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

भुणभुण काही केल्या जात नाही. नवा प्रीअँप घेतला तर जाईल का?

कदाचित. पण आधी भुणभुण कुठून येते ते शोधा, नाहीतर नव्या डब्यातून तीच ऐकू येईल.

व्हॉल्यूम वर करा, रेकॉर्ड बंद. आता टर्नटेबलच्या दोन्ही तारा प्रीअँपमधून काढा. भुणभुण गेली तर दोष टर्नटेबलच्या बाजूला आहे: जमिनीची तार सैल, हेडशेलच्या (आर्मचं टोक, जिथे कार्ट्रिज बसतं) चार बारीक तारांपैकी एक सुटलेली, किंवा केबलचं टोक गंजलेलं. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत ही टोकं वर्षभरात काळी पडतात. टोक दोनचार वेळा फिरवून आत-बाहेर केलं तरी फरक पडतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तर आणखी. रेगाच्या टर्नटेबलला जमिनीची वेगळी तार नसते, ती शोधत बसू नका. आणि ग्रॅडोची कार्ट्रिजं मोटरच्या जवळ गेली की भुणभुणतात; आर्म आत येईल तसा आवाज वाढत असेल तर तेच.

तारा काढूनही भुणभुण राहिली तर प्रीअँप, त्याचा अडॅप्टर किंवा पुढचं काहीतरी. इथे आपल्या घरांचे खास गुन्हेगार:

पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. पंखा दोनवर असताना "झर्र" येते आणि पाचवर किंवा बंद केल्यावर जाते, तर प्रश्न सुटला. माझ्याकडे नेमकं हेच होतं आणि मी त्याआधी दोन केबल बदलून बसलो होतो.

सेट-टॉप बॉक्स. तोही त्याच अँप्लिफायरला जोडला असेल तर छतावरच्या छत्रीची जाड केबल एकदा काढून पाहा. जमिनीचा दुसरा रस्ता तिथून तयार होतो.

इन्व्हर्टर. लोडशेडिंगमध्ये घर स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर गेलं की कुठलाही प्रीअँप गुरगुरतो. साइन वेव्हवर ते होत नाही.

प्रीअँप अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, आतल्या ट्रान्सफॉर्मरची भुणभुण तो उचलतो. हातभर बाजूला सरकवा. राउटरही लांब. आणि कुणी कितीही सांगितलं तरी तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून "भुणभुण घालवू" नका. जाते खरी, पण त्या पिनेचं काम शॉक लागू न देण्याचं आहे.

रंबल फिल्टर हवा का?

असला तर बरा. वाकड्या रेकॉर्डींमुळे ऐकू न येणाऱ्या खालच्या कंपनांत स्पीकरचा पडदा पुढे-मागे डोलताना दिसतो. आपल्याकडे उन्हाळ्यात आडव्या रचलेल्या रेकॉर्डी वाकतातच. टोनआर्म आणि कार्ट्रिजचं स्वतःचं कंपन ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावं अशी अपेक्षा असते. २० हर्ट्झच्या खाली कापणारा फिल्टर हे सगळं अडवतो आणि तानपुऱ्याला हात लावत नाही.

व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीअँप "गोड" असतो ना?

चांगला बनवलेला असेल तर चांगला असतो, जसा चांगला बनवलेला ट्रान्झिस्टरचाही असतो. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त चिनी डब्यांपासून मात्र सावध. त्यातल्या काहींत व्हॉल्व्हच्या खाली नारिंगी एलईडी लावलेला असतो, तो तापून लाल झाल्यासारखा दिसावा म्हणून. देवघरात शोभेल.

माझ्याकडे ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्या आहेत. एकच प्रीअँप दोन्हीला चालेल का?

चालेल, पण थोडं समजून घ्या.

पहिली गोष्ट प्रीअँपची नाही, पिनेची आहे. एलपीची पिन सुमारे १८ मायक्रॉनची, ७८ची साधारण ७५ मायक्रॉनची. एलपीची पिन ७८च्या रुंद खाचेच्या तळाशी गाळात घासत जाते. वेगळी पिन घ्याच. आणि ग्रामोफोनची लोखंडी पिन, जी दर तबकडीनंतर फेकायची असते, ती या यंत्राला लागत नाही. हे लिहावं लागतं, कारण एकाने हेडशेलला चिकटवायचा प्रयत्न केला होता.

आता वक्र. आरआयएए १९५४ चा. त्याआधीच्या ७८ना कंपनीगणिक वेगळं माप. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ ला सुरू झालं. त्याआधीच्या तबकड्या गायकाने थेट भोंग्यात गाऊन झालेल्या, त्यांना कसलंच माप नाही. अशी तबकडी आरआयएएमधून वाजवली की दोन गोष्टी होतात. वरचे सूर प्रीअँप विनाकारण खाली आणतो, १० हजार हर्ट्झला सुमारे पावणेचौदा डेसिबल, त्यामुळे गाणं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. आणि खालचे सूर हवेत त्याहून जाड होतात. ट्रेबल वाढवून, बेस थोडा उतरवून हे बरंच सावरता येतं. साधा टोन कंट्रोल असलेला जुना अँप्लिफायर इथे कामाला येतो. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटानंतरच्या ७८ना, आणि आपल्याकडे साठच्या दशकातही ७८ भरपूर निघत होत्या, आरआयएए पुष्कळ जवळचा बसतो.

ज्यांचा संग्रह मोठा आहे त्यांनी बदलता येणाऱ्या वक्राचा प्रीअँप बघावा. नाहीतर संगणकावर रेकॉर्ड करून घेऊन वक्र सॉफ्टवेअरमध्ये लावावा.

आणि प्रीअँपवर "मोनो" बटण आहे का ते जरूर पाहा. ७८ आणि जुन्या मोनो एलपींमध्ये संगीत खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. उभी हालचाल म्हणजे नुसता कचरा. मोनो केलं की तो कचरा एकमेकांना काटतो आणि खरखर निम्म्यावर आल्यासारखी वाटते. जुन्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डवर हे बटण दाबून पाहा, मी काय म्हणतो ते कळेल.

जाता जाता: १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सोबत कार्ट्रिज आणि सुई पाठवली आहे. प्रीअँप नाही. गोव्यातल्या केरीची ती बाई ऐकायची तर परग्रहावरच्यांना स्वतःचा करावा लागेल.

भाऊ अमेरिकेतून येतोय. तिथून मागवू का?

प्रीअँप मागवायला हरकत नाही, फक्त अडॅप्टर तपासा. त्यावर "इनपुट १००-२४० व्होल्ट" लिहिलं असेल तर इथे नुसता प्लगचा जोड पुरतो. "१२० व्होल्ट" एवढंच असेल तर लावू नका, जळेल. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे काही प्रीअँपना डीसी नाही, एसी बाहेर देणारा अडॅप्टर लागतो. तपकीर गल्लीतून... नव्हे, तापकीर गल्लीतून (पुण्याबाहेरच्यांसाठी: बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली) किंवा लॅमिंग्टन रोडवरून बदली अडॅप्टर आणताना व्होल्ट जुळले म्हणून खुश होऊ नका. एसी की डीसी, किती अँपिअर आणि मधली टाचणी धन की ऋण, हे सगळं जुळवा.

टर्नटेबल मात्र तिथून आणण्याआधी दोनदा विचार करा. सिंक्रोनस मोटरची यंत्रं विजेच्या ठोक्यावर फिरतात. अमेरिकेत ६० हर्ट्झ, इथे ५०. व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी ठोका ५०च राहतो आणि ३३⅓ ऐवजी तबकडी २७.८ फेऱ्या घेते. काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारच्या थोडी खालीच उतरते. इथल्या विजेला साजेशी पुली मिळाली तर ठीक.

जुन्या अँप्लिफायरचा फोनो इनपुट वापरू की वेगळा डबा घेऊ?

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मरांट्झ, सान्सुई, यामाहाचा असेल तर आधी तोच ऐका. त्या काळात रेकॉर्ड हाच मुख्य स्रोत होता, त्यामुळे फोनोचा भाग मन लावून केलेला असायचा. चाळीस-पन्नास वर्षांत कपॅसिटर सुकतात, ते बदलून घेतले की तो आजच्या सुरुवातीच्या किमतीच्या डब्यांना सहज हरवतो. अनुभवी कारागीर हवा, आणि त्याने सगळेच भाग बदलायचा उत्साह दाखवला तर त्याला आवरा.

नाव सांगा ना सरळ.

एआरटी डीजे प्री टू: दिसायला सुमार, पण कपॅसिटन्स १०० की २००, गेन कमी-जास्त, खालचा फिल्टर, सगळं आहे. मूव्हिंग मॅग्नेटवाल्यांना मी आधी हाच सुचवतो. आयएफआय झेन फोनो: गेन ३६ पासून ७२ डेसिबलपर्यंत चार पायऱ्यांत, त्यामुळे पुढे मूव्हिंग कॉइल आलं तरी डबा बदलावा लागत नाही. केंब्रिज ऑडिओ ड्युओ: दोन्ही प्रकारची कार्ट्रिजं, शिवाय हेडफोनची सोय, रात्री घरचे झोपल्यावर ऐकणाऱ्यांसाठी. याच्या वर जायचं तर कार्ट्रिज आणि टर्नटेबलही त्या तोडीचं असू द्या. माझा ठोकताळा असा की प्रीअँपची किंमत कार्ट्रिजच्या दुपटीपलीकडे जाऊ लागली की थांबावं आणि तो पैसा कार्ट्रिजकडे वळवावा.

फरक खरा आहे की मनाचा खेळ, कसं तपासू?

दोन्ही प्रीअँपमधून एकच तुकडा संगणकावर रेकॉर्ड करा, आवाजाची पातळी सारखी करा, आणि कुठला कुठला ते न सांगता घरच्या कुणाला तरी वाजवायला सांगा. पातळी सारखी करणं महत्त्वाचं, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच "चांगला" वाटतो.

तुकडा निवडताना ओळखीचा घ्या. मी विलंबित ख्यालाची सुरुवात घेतो. एकटा तंबोरा, मग पहिला षड्ज, मग तबला. तंबोऱ्यात जवारीचे बारीक सूर किती वेगळे ऐकू येतात ते वरच्या बाजूचं. डग्ग्याचा घुमारा मिंडेसकट येतो की नुसता "ढब" येतो ते खालच्या बाजूचं. आणि दोन आवर्तनांमधल्या शांततेत प्रीअँपची सूं-सूं उघडी पडते.

यूएसबीवाला घेतला तर रेकॉर्डी संगणकावर घेता येतील?

येतील. रेगा फोनो मिनी एटूडी असा आहे, फक्त मूव्हिंग मॅग्नेटसाठी. रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाज शून्याच्या ६ डेसिबल खाली राहील असं ठेवा, ओरखड्यांना जागा लागते. खरखर काढणारं सॉफ्टवेअर जपून वापरा. टाळाचा ठोका आणि ओरखडा यातला फरक त्याला नेहमी कळत नाही.

जुना प्रीअँप विकून टाकू का?

नको, खणात ठेवा. एखाद्या संध्याकाळी डावा स्पीकर गप्प होईल. तेव्हा दोष कार्ट्रिजचा, केबलचा की नव्या प्रीअँपचा, हे दोन मिनिटांत कळण्यासाठी तोच लागतो. अडॅप्टरवर मात्र कागदाची पट्टी चिकटवून त्याचं नाव लिहून ठेवा. सहा महिन्यांनी खणात एकसारखे सात काळे अडॅप्टर निघतात.